पैऱ्याचा फोटो

माझे वडील फर्निचरला पॉलिश करायचे. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. कोल्हापुरात शिवाजी पेठेत एका तालमीमागच्या बोळात आमची एक खोली होती आणि त्या खोलीला कायम थिनरचा वास असायचा. भाताला यायचा, गोधडीला यायचा, माझ्या दप्तराला यायचा. शाळेत बाकावरची मैत्रीण विचारायची, "तुमच्यात रोज रंग देत्यात व्हय गं?" मी म्हणायचे, "व्हय, रोज."

पावसाळा आमच्या घराचा वैरी. हवेत ओल असली की पॉलिश वाळत नाही, पांढरं पडतं. त्यामुळं जूनपासून दसऱ्यापर्यंत दादांच्या हाताला काम नसायचं. त्या दिवसांत आई आम्हा दोघी बहिणींना घेऊन बिद्रीजवळ तिच्या भावाकडं जाऊन राहायची, तेवढे महिने शाळाही तिथलीच. मामी ताट वाढायची, पण तोंडानं काही बोलायची नाही. ते न बोलणंच आम्ही चार महिने जेवायचो. दादा मागं एकटे, चहा आणि खारीवर.

बँका, वकिलांची ऑफिसं, डॉक्टरांच्या केबिनी, कितीतरी ठिकाणची टेबलं दादांच्या हाताखालून गेली. मात्र काम संपलं की त्या ऑफिसात परत पाऊल टाकायचं कारण नसायचं. मी सातवीत असताना एकदा ते मला एका पतसंस्थेत घेऊन गेले, मॅनेजरचं टेबल दाखवायला. शिपायानं दारातच अडवलं. "काय काम हाय?"

"काय न्हाय, टेबल बघायचं हुतं."

शिपाई हसला. आम्ही परत आलो. दादा वाटेत एवढंच म्हणाले, "त्याची बी काय चूक न्हाय."

त्या दिवशी मी काही ठरवलं वगैरे नाही. सातवीतली पोरं असलं ठरवत नाहीत. पण पुढं मी इंटिरियर डिझाइनला गेले आणि पदवी घेतली. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत पदवी घेतलेली मी पहिली. कॉलेजात मी "मी येतो, मी जातो" म्हणायची, आमच्याकडं मुली तसंच बोलतात, त्यावर पुण्याकडच्या मुली हसायच्या. हसू देत. निकाल लागला तेव्हा मी त्यांच्या वर होते.

तात्या मला भेटले ते पहिल्या नोकरीत. मी एका मोठ्या डिझायनरांच्या हाताखाली होते. आमचं एक ऑफिस तयार झालं होतं आणि त्याचे फोटो काढायला सकाळी एक माणूस येणार होता. मला वाटलं, दाढीवाला, जीन्सवाला कुणी असेल. आला तो एक साठीचा गृहस्थ. पांढरा सदरा, पायजमा, एम-ऐंशी गाडीला सुतळीनं बांधलेला ट्रायपॉड. दारात चपला काढल्या, कुणाला नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट आत जाऊन फरशीवर भिंतीला टेकून बसले. तास झाला तरी उठेनात. मी फर्निचरच्या मिस्त्रींना हळूच विचारलं, "बरं नाही का त्यांना?"

मिस्त्री म्हणाले, "गप बसा मॅडम. खोली बघायलंय ते. मधी बोललासा तर उठून जातंय."

तात्यांचा पेठेत जुना स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, शाळेचे फोटो आणि तालमींच्या फुटबॉल संघांचे फोटो. संघांचे फोटो काढण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. ते म्हणायचे, "अकरा जणास्नी कुणीबी बशिवतंय. बाराव्याला कुठं बशिवलाय ते बघायचं." बारावा म्हणजे पाण्याच्या बाटल्या उचलणारा. तात्यांच्या प्रत्येक संघात तो असायचा, आणि कडेला नसायचा. पुढं मोबाइल आले, पासपोर्टची गिऱ्हाइकं आटली, आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून तात्या ऑफिसांचे फोटो काढायला लागले.

हे फोटो एकट्याला परवडत नाहीत. चांगला कॅमेरा, चांगली लेन्स, पूर्ण दिवस. म्हणून डिझायनर, फर्निचरवाला, लाइटवाला, काचवाला, खुर्चीवाला असे चारपाच जण मिळून खर्च वाटून घेतात आणि फोटो सगळ्यांनी वापरायचे. मोठ्या शहरांत याला काही इंग्रजी नाव असेल. तात्या त्याला पैरा म्हणायचे. एकाचा बैल, दुसऱ्याचा बैल, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात, तसा. त्यांचं लहानपण खेड्यातलं होतं.

पैऱ्याचे नियम त्यांनीच घातलेले. ज्यानं वर्गणी भरली त्यानं स्वतः हजर राहायचं. सकाळपासून शेवटच्या फोटोपर्यंत. माणूस पाठवलेला चालणार नाही. गैरहजर राहणाऱ्याचा फोटोत अंधार. हे बोलण्यापुरतं नव्हतं. एकदा एका मोठ्या लाइट शोरूमच्या मालकानं मॅनेजर पाठवला. तात्यांनी छतावरचा एकूण एक दिवा बंद करायला लावला आणि खिडकीच्या उजेडात सगळं शूट केलं. आठवड्यानं मालक तणतणत स्टुडिओत आले.

"तात्या, माझ्या लाइटी कुठं हायत ह्यात?"

"तू कुठं हुतास?"

"अवो, मी लग्नाला गेलतो मिरजंला!"

"मग लाइटी बी गेल्या असतील."

त्यांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, किंवा ठेवायची नसत. ज्याचं जे काम तेच त्याचं नाव. "ए काच, जरा मागं सर." "खुर्ची, शिंकू नगंस." मी नकाशे काढायची म्हणून मी "नकाशा". खुर्च्यांशी मात्र ते बाईमाणसाशी बोलावं तसं बोलायचे. "सरक गं बाई जराशी, तुझा पाय दिसतोय." शेवटचा फोटो होईपर्यंत जागेवरचा चहा प्यायचे नाहीत. सदऱ्याच्या खिशात चिरमुरे-फुटाणे असायचे, तेवढ्यावर दिवस.

कॅमेऱ्याच्या पिशवीत गवंड्याचा ओळंबा असायचा. दोरीला बांधलेलं लोखंडी वजन, भिंत सरळ आहे का बघायचं. दाराच्या चौकटीला तो टांगायचा, डुलायचा थांबेपर्यंत कुणी हलायचं नाही, मग त्याच्याशी कॅमेरा लावून घ्यायचा. भिंत सरळ असेल तर सरळ येणार. तिरकी असेल तर तिरकीच येणार. एका काचवाल्याचं पार्टिशन अर्धं बोट ढळलेलं निघालं. तो हात जोडून म्हणाला, "तात्या, काम्प्युटरमधी सरळ करता येतंय की."

"पार्टिशन काम्प्युटरमधी बशीवलंयस का?"

काचवाल्यानं दोन दिवसांत पार्टिशन उतरवून पुन्हा बसवलं. तात्या तिसऱ्या दिवशी आले. वर एक पैसा घेतला नाही.

आणखी एक. टेबलावर प्लास्टिकचं झाड ठेवलं की विचारायचे, "ह्याला पाणी कोण घालतंय?" कुणी बोललं नाही की, "मग हे वाटेकरी न्हवं. भाईर काढा."

शूट झालं की प्रत्येक फोटोखाली पांढरी पट्टी, आणि तिच्यात सगळ्या वाटेकऱ्यांची नावं, कामासकट. स्वतःचं नाव नाही. पट्टी कापायची नाही, हा शेवटचा नियम. सगळ्यांना फोटो पोचले की स्वतःकडचे पुसून टाकायचे. मी एकदा म्हटलं, "तात्या, जपून ठेवावेत की." म्हणाले, "बैल काम झाल्यावर आपापल्या गोठ्यात जातंय. मी काय करू ठिवून?"

तीन वर्षांनी मी नोकरी सोडली आणि स्वतःचं पहिलं काम घेतलं. गडहिंग्लजला एका मिरचीच्या व्यापाऱ्यांचं ऑफिस. खाली मिरचीचं गोदाम, वर दोन मोठ्या खोल्या. मालक दिलदार होते, पण आल्या-गेल्याला ठसका लागायचाच. मधल्या मोठ्या टेबलाला पॉलिश करायला मी दादांना नेलं. तोवर दादांची छाती पार गेली होती. डॉक्टरांनी काम बंद करायला सांगितलं होतं. पण हातानं कापडाचा बोळा फिरवून पॉलिश करणारे कोल्हापुरात फार उरले नव्हते, आणि दादा म्हणाले, "तुझं पयलं काम दुसऱ्याच्या हातात देऊ व्हय?" नऊ दिवस लागले. खालून मिरचीचा खाट, नाकाडोळ्यांत झोंबणारा, वर थिनर. दादा दर तासाला जिन्यात जाऊन बसायचे. मिस्त्री दादांना वीस वर्षं ओळखत होते. दुसऱ्या कुणाला मी सांगितलं नाही की हे माझे वडील.

का नाही सांगितलं? लाज वाटली. दुसरा शब्द शोधण्यात अर्थ नाही. मला वाटायचं, पॉलिशवाल्याची पोरगी म्हटल्यावर हे लोक माझा नकाशा हातात धरणार नाहीत.

त्याच सुमाराला एका दूध संघाचं नवं ऑफिस निघालं होतं. त्यांनी डिझायनरांकडून पूर्ण झालेल्या कामाचे फोटो मागवले होते. आधीच्या नोकरीतल्या कामांवर माझं नाव नव्हतं. माझ्या नावावर दाखवायला गडहिंग्लजचं एवढं एकच ऑफिस, आणि फोटो सोमवारी द्यायचे. ते काम मिळालं तर मी उभी राहणार होते. नाही मिळालं तर परत त्याच साहेबांच्या दारात. मी तात्यांना गाठलं, पैरा जमवला. मी, मिस्त्री, लाइट, काच, खुर्ची. शनिवारी सकाळी आठला आम्ही सगळे गडहिंग्लजला हजर.

तात्या फरशीवर बसले. तासानं उठले, टेबलाजवळ गेले, आणि पालथा पंजा टेबलावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला.

"ह्यो हात कुणाचा?"

मिस्त्री म्हणाले, "फर्निचर माझंच की तात्या."

"फर्निचर न्हाय म्हणालो. पॉलिश."

मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं. मी खिडकीचा पडदा नीट करत होते. मी बोलत नाही म्हटल्यावर मिस्त्री म्हणाले, "हाय एकजण पेठंतला."

"बोलवा त्येला."

खुर्चीवाले वैतागले. "अवो, पॉलिशवाल्यानं कुठं वर्गणी भरलीया?"

तात्या म्हणाले, "इथं येऊन ह्या खाटात पॉलिश केलंय न्हवं? भरलीया त्यानं." आणि परत फरशीवर जाऊन बसले. कॅमेरा पिशवीत.

पूर्वेकडच्या खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. यासाठीच आम्ही आठला आलो होतो. दहा मिनिटं गेली, वीस गेली. लाइटवाले घड्याळ बघून शिव्या घालत होते. ऊन टेबलाच्या कडेपर्यंत सरकलं. शेवटी मी म्हटलं, "माझे वडील आहेत ते."

खालून कुणाला तरी ठसका लागला.

तात्या म्हणाले, "मग फोन लाव की."

दादा फोनवर म्हणाले, "मी कशाला तितं? काय चुकलंय का?" मी म्हटलं, काही चुकलं नाही, तुम्ही या. कागल, निपाणी करत एस.टी.नं यायला त्यांना दीड वाजला. लग्नाकार्यातला सदरा घातला होता. जिन्यात दोनदा थांबले. सगळ्यांना कामाच्या नावानं हाक मारणारे तात्या उठून दारापर्यंत गेले आणि म्हणाले, "या पावणं." कॅमेऱ्यामागं बसायचं स्वतःचं स्टूल त्यांना दिलं.

ऊन केव्हाच गेलं होतं. तात्या म्हणाले, "ऊन काय, ते हजर ऱ्हाणाऱ्यातलं न्हाय." सपाट उजेडात काम सुरू झालं. ओळंबा टांगला. मिरचीनं कुणी ना कुणी शिंकायचं, फोटो हलायचा, तात्या शटर उघडून आकडे परत पहिल्यापासून मोजायचे. चौथ्यांदा खुर्चीवाल्यांनी स्वतःहूनच नाक दाबून जिना गाठला. पहिला चांगला फोटो आल्यावर तात्यांनी कॅमेरा उचलून दादांसमोर धरला.

दादांनी डोळे बारीक करून बराच वेळ बघितलं. मग बोट ठेवलं. "ह्या डाव्या अंगाला बोळा थांबलाय माझा."

मला काही दिसत नव्हतं. नीट बघितल्यावर दिसलं. रुपयाएवढा, जरासा गडद डाग.

"तितं मला खोकला आलता," दादा म्हणाले. "हात उचलायला उशीर झाला. ते तेवढं काढता येतंय काय हो?"

"न्हाय," तात्या म्हणाले. "ते ऱ्हाणार."

संध्याकाळी तात्यांनी एका कागदावर सगळ्यांना पूर्ण नाव लिहायला लावलं. दादांनी सावकाश, रेशनकार्डावर आहे तसं, वडिलांच्या नावासकट लिहिलं. त्यांना वाटलं हजेरी आहे. एस.टी.त मला म्हणाले, "आज काम न्हाई आणि हजेरी लागली."

रविवारी दुपारी फोटो आले. दादांकडं बटणांचा साधा फोन होता, म्हणून त्यांचे फोटोही माझ्याच फोनवर. खाली पट्टी. पहिलं नाव माझं, डिझाइन. पाचवं दादांचं, पॉलिश. आडनाव एकच. कुणीही वाचलं असतं तर कळलं असतं.

मी पट्टी कापली. फोनवर एका बोटाचं काम. तेवढ्यावर थांबले नाही, टेबलावरचा डागही पुसला. तेही एका बोटाचं. सोमवारी फोटो दिले, आणि महिन्याभरानं काम मला मिळालं.

तो कापलेला फोटो मी दादांना दाखवला. दादांनी फोन हातात घेतला आणि डावीकडं बघितलं. "डाग गेला की गं!" केवढे खूश झाले. "बरं झालं. कुणी जाणकारानं बघितलं असतं तर माझी अब्रू गेली असती." पट्टीचं त्यांना माहीतच नव्हतं. मी सांगितलं नाही.

दोन महिन्यांनी तात्या माझ्याकडं आले. एका ओळखीच्यांच्या कार्यालयात मी एक टेबल भाड्यानं घेतलं होतं. तात्यांनी चपला काढल्या, पण आत आले नाहीत. लाइटवाल्यांच्या मोबाइलवर त्यांनी माझा फोटो बघितला होता.

"नकाशा, डाव्या अंगाचा डाग कुठं गेला?"

"काढला."

"का गं?"

"दादांनाच नको होता. तुमच्यासमोर म्हणाले की ते. बघून खूश झाले."

तात्यांनी मान हलवली. "त्येचा हात, त्येचा डाग. खूश झाला असंल तर मी कोण बोलणार? आणि पट्टी? ती बी त्यानंच काढाय सांगितली?"

मी टेबलावरचे कागद सारखे करायला लागले.

"पट्टीचा फोटो त्येला एकदा तरी दावलास?"

"न्हाय."

त्यांनी खिशातून चिरमुरे काढले, तळहातावर बघितले, परत खिशात टाकले. "बरं," म्हणाले, आणि चपला घालून गेले. रागावले असते तर मला बोलता आलं असतं.

माझ्या शूटला ते परत आले नाहीत. फोन केला की नीट बोलायचे. "दुसरा बघ. चांगली पोरं हायत आता." दूध संघाचं ऑफिस झालं तेव्हा मी दादांना बघायला नेलं. वॉचमननं मला सलाम केला, दादांनी त्याला उलटा नमस्कार केला. मोठ्या टेबलापाशी बसले, पण टेबलाला हात लावला नाही. "मशीनचं पॉलिश हाय," एवढंच म्हणाले. त्यानंतरच्या दिवाळीत दादा गेले. सांगायचं राहून गेलं असं लोक म्हणतात. राहून गेलं नाही. मी सांगितलं नाही.

पैराही पुढं मोडला. पट्टी मी आधी कापली, मग सगळ्यांनी कापली. मिस्त्रींच्या फोटोखाली नुसते मिस्त्री, लाइटवाल्यांच्या फोटोखाली नुसते लाइटवाले. लाइटवाल्यांनी तर त्यात फोनवरच दोन हिरवीगार झाडं घातली. वाद झाले, एकमेकांच्या दुकानात जाणं बंद झालं. तात्यांकडं कामं येईनाशी झाली. स्टुडिओचं शटर आता मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याकडं आहे.

दादांना जाऊन चार वर्षं झाली तेव्हा मी तात्यांच्या घरी गेले. दुपारची वेळ होती. दारात त्याच स्टुलावर बसले होते, गुडघ्यांना कापड बांधलेलं. डोळे बारीक करून म्हणाले, "नकाशा व्हय? बस."

मी म्हटलं, "तात्या, गडहिंग्लजचा पट्टीवाला फोटो पाहिजे. माझा जुना फोन गेला. सगळ्यांकडं विचारलं, सगळ्यांनी कापलाय."

"मी ठेवत न्हाय. तुला ठाव हाय."

"ठाव हाय. तरी आलो."

माझ्या तोंडून जुनं बोलणं निघालं तसे ते जरा हसले.

"टेबल हाय न्हवं तितं अजून?"

"हाय."

"मग माझ्याकडं काय मागायलीस?"

"तुम्ही चला. मी गाडी करतो."

"मी एकदा काढलाय त्यो," तात्या म्हणाले. "आता तुमचं तुम्ही काढा."

मी सगळ्यांना फोन केले. खुर्चीवाल्यांनी धंदा बंद केला होता. लाइटवाले म्हणाले, "फोटो हाय की माझ्याकडं, परत कशाला?" मिस्त्री आणि काचवाले आले. वाटेत गाडीत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत, संकेश्वरला चहाला उतरल्यावर बोलले. फोटो एका तरुण मुलीनं काढला, पुण्यात शिकून आलेली. तिच्याकडं ओळंबा नव्हता, कॅमेऱ्यातच सगळी सोय होती. मी तिला सांगितलं, टेबल आहे तसं येऊ दे, काही पुसायचं नाही. ती म्हणाली, "मॅम, डावीकडे एक स्पॉट आहे." मी म्हटलं, राहू दे.

मिस्त्री टेबलाच्या कडेला उभे होते. म्हणाले, "तुमच्या वडलांनी मला एकदा बी विचारलं न्हाई, हे टेबल कुणाच्या नावावर जातंय म्हणून."

पट्टीत मी सहाही नावं घातली, न आलेल्यांचीसुद्धा. तात्यांच्या नियमात हे बसत नव्हतं. गैरहजराचा अंधार, हा त्यांचा नियम, आणि सगळ्यांत मोठे गैरहजर दादाच होते. मी नियम मोडला. त्यांना विचारायला गेले असते, पण फोटो छापून आला त्याच्या आदल्या आठवड्यात तात्या गेले. अंत्ययात्रेला पेठेतल्या तालमीची पोरं होती, मिस्त्री होते, मी होते. तात्यांचा स्वतःचा फोटो कुणाकडंच नव्हता. घरच्यांनी आधारकार्डावरचा मोठा करून लावला होता.

गडहिंग्लजच्या मालकांनी आमचा फोटो पट्टीसकट मोठा करून ऑफिसच्या दारासमोरच्या भिंतीवर लावला आहे. माझ्या आईनं तो जाऊन बघितला आहे. पट्टीत पाचवं नाव माझ्या वडिलांचं आहे, पूर्ण, रेशनकार्डावर होतं तसं, आणि त्याच्यापुढं काम लिहिलेलं आहे: पॉलिश.